भिंत वाळल्याशिवाय रंग नाही

पुण्यात रंग आणि लाकूडकामाची ज्याला ज्याला म्हणून अडचण आली आहे, त्या प्रत्येकाच्या घरी माझे साडू एकदा तरी जाऊन आले आहेत, आणि निम्म्या घरी त्यांना कोणी बोलावलेलं नव्हतं. विमा कचेरीतून निवृत्त झालेला हा माणूस कुठंही गेला की आधी दारावर हात फिरवतो, मग भिंतीवर टकटक करतो, आणि यजमान "बसा" म्हणेपर्यंत त्याचं निदान तयार असतं. आमच्या कर्वेनगरच्या घरात पावसाळ्यात दार फुगून अडकायला लागलं, तेव्हा मी सुताराकडून रंधा मारून घेणार होतो. साडू जवळच राहतात, ते धावतच आले. "अहो, आत्ता रंधा माराल आणि उन्हाळ्यात फटीतून मांजर जाईल. खालच्या कडेला रंग लावलाय का कोणी? तिथूनच पाणी पितंय ते." दार उतरवलं, तर खालची कड खरंच कोरी होती. शेजाऱ्यांनी खिडकीला पहिला हात सुकायच्या आत ऑइलपेंटचा दुसरा हात दिला आणि रंगाला सुरकुत्या पडल्या, तेव्हा तर यांच्या आनंदाला पारावार उरला नाही. "खिडकी तुमच्याआधी म्हातारी झाली," असं त्यांना ऐकवून यांनी स्वतःच पॉलिशपेपर घेतला आणि दिवसभर तिथंच घासत बसले.

या माणसाला माझ्या मुलीच्या, सईच्या, लग्नाच्या बोलणीला न्यायचं की नाही, यावर आमच्या घरात रीतसर वाद झाला. मुलगा तिच्याच कंपनीतला, घर वाघोलीत, माणसं मूळची तिथलीच, शेतीवाली. त्याचे वडील पुण्याच्या पाहुण्यांना आधीच बिचकून होते. पण साडूंना मूलबाळ नाही, सई त्यांच्याच खांद्यावर बसून वाढली, तेव्हा त्यांना टाळणं शक्यच नव्हतं. गाडीत सईनं त्यांना बजावलं, "काका, आज भिंतीकडे बघायचं नाही." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलं.

पोहे येईपर्यंत त्यांनी शब्द पाळला. मग समोरच्या ताज्या गुलाबी भिंतीवरचा एक फुगवटा त्यांना दिसला. मी त्यांचा सदरा धरला, पण ते उठले आणि त्यांनी नखानं तो फुगवटा फोडला. रंगाचा मोठा पापुद्रा सगळ्यांच्या देखत खाली आला. आत लोणा लागलेली ओली भिंत. "ओलीवरच रंग मारलाय," साडू म्हणाले.

"पाहुणे येणार म्हणून परवाच मी सोताच्या हातानं रंगवली हाय ती," मुलाचे वडील म्हणाले. मुलाची आई पदराशी चाळा करू लागली. झालं, मोडलं लग्न, असं मला वाटलं.

"हात सफाईदार आहे तुमचा," साडू अगदी मनापासून म्हणाले. "रंगाचा काही दोष नाही. पलीकडे न्हाणीघर आहे का?"

"हाय की."

दोघं आत गेले. आम्ही गार पोहे चिवडत बसलो. बऱ्याच वेळानं व्याही बाहेर आले ते ढोपरापर्यंत भिजलेले आणि खुशीत. "नळाचा पाइप भिंतीत पाझरतोय. तीन पेंटरांना घावलं नव्हतं, यांनी दाखवलं. आता तारीख काढा!" साडूंनी लगेच जाहीर केलं की पाइप बदलायचा, जुना रंग खरवडायचा, आणि भिंत पूर्ण वाळल्याशिवाय लांबी-पुट्टी भरायची नाही की रंगाला हात लावायचा नाही. भिंत वाळली की नाही, ते बघायला ते स्वतः येणार.

पाइप बदलला. लग्नही थाटात झालं. तेव्हापासून दर रविवारी साडू कर्वेनगरहून वाघोलीला जातात, भिंतीला तळहात लावतात, "अजून थोडी ओल आहे, पुढच्या रविवारी बघू," म्हणतात, आणि सईच्या हातचं जेवून संध्याकाळी परततात. रंगाचा डबा न उघडताच पडून आहे.

एवढा कडक उन्हाळा गेला, भिंत वाळायला हवी होती. न राहवून मी सईला फोन केला. म्हटलं, "भिंत वाळलीय हे काकांना सांग ना आता."

"बाबा, ती कधीच वाळली," ती म्हणाली. "रविवारी काका यायच्या आधी मीच तिच्यावरून ओलं फडकं फिरवते."

ओल पाइपाची की फडक्याची, हे माझ्या साडूंना कळत नसेल यावर माझा विश्वास नाही. आज रविवार आहे, आणि ते सकाळीच निघालेत.