ट्रंपेटमधली हवा
चिंचेने घासलेल्या पितळेचा वास आला, की मला वडिलांचा ट्रंपेट आठवतो. कराडजवळच्या आमच्या गावात ते वरातीच्या बँडमध्ये वाजवायचे. पुढचे दात पडल्यावर सुराऐवजी नुसती हवा यायला लागली, वरातीतली पोरं फिदीफिदी हसली, आणि वडिलांनी ट्रंपेट मोडीत घातला. पुढे मी सांगलीला, विश्रामबागच्या कॉलेजात शिकायला गेलो. तिथे एका मित्राने मला कुणा परदेशी जॅझ ट्रंपेटवाल्याचं रेकॉर्डिंग दिलं. त्यात सूर थोडे आणि फुंकरीचा आवाजच जास्त होता. दिवाळीला घरी गेल्यावर मी ते वडिलांना मोबाईलवर ऐकवलं. ओसरीवर बसून त्यांनी ते कान लावून ऐकलं. “बिचारा! ह्याचं बी दात पडल्यात व्हय रं?” “न्हाई आबा, त्यो मुद्दाम तसं वाजवतोय.” “मुद्दाम? आन लोक हसत न्हाईत?” “तिकीट काढून ऐकत्यात, आबा.” त्यांनी जिभेने हिरडी चाचपली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “आधी ठावं असतं, तर मोडीत घातला नसता रं.” आता आबा नाहीत. कॉलेजात माझ्या वर्गातली मुलं ते रेकॉर्डिंग ऐकून हसतात आणि विचारतात, “असलं कुणाला आवडतं रे?” मला आबांचं सांगायचं असतं, पण मी ते रेकॉर्डिंगच पुन्हा पहिल्यापासून लावतो.