पिंपातली घाई

पांढऱ्या वाईनची पिंपं ढवळण्याचं काम त्याच्याकडे होतं, म्हणून तळघरात त्याला ढवळ्या म्हणत. जोडीला दुसरा माणूस आला, तेव्हा त्याचं बारसं करायची गरजच पडली नाही. ढवळ्याशेजारी बांधलेला तो पवळ्या. म्हणीतला गुण मात्र इथे उलट्या बाजूने लागला. जीभ होती ती पवळ्याची. कुठल्या पिंपातली वाईन पुढे सायीसारखी दाट होईल, हे त्याला आधी कळे आणि ढवळ्या त्याच्या बाजूला उभा राहून शिकत गेला. पुढे ढवळ्याची धाकटी बहीण पवळ्याला दिली. तेव्हापासून नात्याने तो दाजी झाला, पण वीस वर्षांची अरेतुरेची सवय कुणाची जाणार?

काम दिसायला सोपं होतं. रस आंबून वाईन झाली की पिंपाच्या तळाशी पिठुळ साका बसतो. एरवी वाईन त्यावरून काढून घेतात. पण जी तोंडात लोण्यासारखी रेंगाळायला हवी, ती साक्यावरच ठेवतात आणि अधूनमधून बूच काढून, वाकड्या टोकाच्या सळईने तो साका हलकेच वर उठवतात. त्यानेच तिला स्निग्धपणा येतो. सगळी गोम त्या ‘अधूनमधून’मध्ये. जास्त ढवळली तर वारा लागतो, रंग मळतो आणि कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास येतो.

“माहेरी आलेली लेक आहे ती,” पवळ्या म्हणायचा. “झोपू दे. चहापुरती उठव, की पुन्हा पांघरूण घाल.”

पिण्याबाबतही त्याचे कायदे होते. बर्फात बुडवून आणणाऱ्यांवर तो उखडायचा. “गारठलेल्या माणसाला गाणं म्हणायला लावता का रे? जरा ऊब येऊ द्या, मग बघा कशी बोलते!” दरवर्षी मालकीणबाई या दोघांना एका लहान पिंपातली वाईन घरी नेऊ देत. ते पिंप पवळ्या निवडायचा. या वर्षीही निवडलं, भिंतीकडचं, कोपऱ्यातलं. खूण म्हणून त्यावर खडूने एक मिशी काढली आणि आठवड्याभरात त्याने अंथरूण धरलं.

दवाखान्याच्या जिन्यात डॉक्टरांनी ढवळ्याला आणि बहिणीला बाजूला घेतलं. आता उपचारांचा त्रास देऊ नका, म्हणाले, आवडेल ते खाऊ-पिऊ घाला. हिवाळा निघेल का, या प्रश्नावर त्यांनी नकारार्थी मान हलवली.

“दादा,” बहीण म्हणाली, “यांच्यापुढे ब्र काढायचा नाही. छातीत जुनी सर्दी बसलीय, एवढंच सांगितलंय मी. कळलं तर हाय खातील.”

ढवळ्याने कबूल केलं. तो एरवीही फारसा बोलत नसे, त्यामुळे गप्प बसणं त्याला जड गेलं नाही. जड गेलं ते पिंप. वाईन तयार व्हायला हिवाळा सरायला हवा होता, आणि पवळ्याकडे तेवढा हिवाळा नव्हता. पहिल्यांदा ढवळ्याने ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी बूच काढलं. मग एक दिवसाआड. मग रोज. सळई फिरवताना त्याला माहीत होतं आपण काय करतोय. तरी हात थांबेना.

एका दुपारी त्याने सुरई भरली आणि बहिणीचं घर गाठलं. पवळ्या उशांना टेकून बसला होता. खांद्यांची हाडं वर आली होती, पण जीभ जागेवर होती.

“आलास? मला वाटलं, माझ्याविना पिंपांनी तुला हाकलून दिलं.”

“हाकलतील. तुझीच सवय लागलीय त्यांना.”

बहीण स्वयंपाकघरात गेली. पवळ्याने पेला तळव्यात धरून ऊब दिली, उजेडाकडे धरला, मग हुंगला. एक घोट तोंडात फिरवला आणि खूप वेळ गिळलाच नाही.

“दाट झालीय,” तो म्हणाला.

“हो ना?”

“दाट झालीय आणि दमलीय. हिला झोपूच दिलं नाहीस तू.” त्याने पेला मांडीवर ठेवला. “रोज ढवळत होतास?”

ढवळ्याने सुरईचं बूच घट्ट दाबलं.

“जन्मात कधी घाई केली नाहीस तू. लग्नाला उशिरा आलास, स्वतःच्या!” पवळ्या हसायला गेला आणि खोकला. खोकला थांबल्यावर हळूच म्हणाला, “किती दिवस सांगितलेत रे डॉक्टरांनी?”

“पवळ्या...”

“पुढच्या ऋतूत मी येणार असतो, तर तू हे पिंप नासवलं नसतंस. सर्दी म्हणे!”

ढवळ्याने त्याच्या मांडीवरचा कलंडू लागलेला पेला सरळ केला.

“तिला माहितीय?”

“तिनेच सांगायचं नाही म्हटलं.”

पवळ्याने डोळे मिटले. आतून भांड्यांचा आवाज येत होता.

“मग मला कळलंय हे तिला कळू देऊ नकोस,” तो म्हणाला. “बिचारीने एवढी सर्दी सांभाळलीय.”

तेवढ्यात ती हात पुसत दारात आली. “कशी झालीय?”

“अशी कधी झाली नव्हती,” पवळ्या म्हणाला आणि पेला रिकामा केला.

तिचा चेहरा उजळला. किती दिवसांनी काहीतरी पोटात गेलं होतं. निरोप घेताना तिने ढवळ्याला दारापाशी अडवलं. “दादा, रोज आणशील थोडी? गोडी लागलीय बघ यांना.”

तो रोज आणू लागला. पिंपातली वाईन दिवसेंदिवस आणखी मळत गेली, तिला आंबूस वास येऊ लागला. दोघे समोरासमोर बसून ती पीत, आणि स्वयंपाकघरात ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने तिची तारीफ करत. “काय साय आहे!” एक म्हणे. “लोणी, निव्वळ लोणी!” दुसरा म्हणे. पुढे पवळ्याला घोट गिळता येईना, तेव्हा ढवळ्या बोट बुडवून त्याच्या ओठांना लावी आणि दोघांच्या वाटची तारीफ एकटाच करी.