वासाचा रकाना

आमच्या कारखान्यात गवतापासून इंधन करतात. गवत कापायचं, वाफेवर शिजवायचं, बंद टाकीत भरायचं आणि त्यावर जिवाणू सोडायचे. ते गवतातली साखर खातात आणि अल्कोहोल सोडतात. आम्ही पगारी माणसं त्यांचे लाड पुरवायला. त्यांना जास्त गरम सोसत नाही, गार सोसत नाही, आणि भलते जिवाणू आत शिरले की सगळा माल आंबून वाया.

आंबल्याचा वास सगळ्यात आधी कळायचा टाकीवरच्या काकांना. एकवीस वर्षं रोज नमुना काढून ते हुंगायचे आणि वहीतल्या वासाच्या रकान्यात लिहायचे, 'ठीक' किंवा 'आंबट'. सगळे त्यांना नाकवाले म्हणत. त्यांना ते आवडायचं. आवडत नाही असं दाखवायचे, एवढंच.

निवृत्तीला दीड वर्ष उरलं असताना त्यांना ताप आला आणि वास गेला, तो परत आलाच नाही. त्यांनी कारखान्यात कोणाला ताकास तूर लागू दिली नाही. संध्याकाळी घरी बायको नमुन्याचे थेंब उडालेला त्यांचा शर्ट हुंगायची, निकाल द्यायची आणि सकाळी तो वहीत चढायचा.

एका सकाळी ते प्रयोगशाळेत माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"मॅडम, तीन नंबर बिघडलीय. म्हणजे, आमची ही म्हणते. काल दिवसभर तिच्यावरच होतो." मग सगळंच सांगून टाकलं. "मला काढलंत तरी चालेल, पण आधी टाकी बघा."

मी मान वरसुद्धा केली नाही. "आंबटपणाच्या मीटरने कालच दाखवलंय, काका. आता रिकामीच करायचीय. आणि मीटर बसल्यापासून तो रकाना कोणी वाचत नाही."

मला वाटलं, बिचाऱ्याच्या मनावरचं ओझं उतरेल.

"किती वर्षं झाली?" त्यांनी विचारलं.

"चार."

"बरं," म्हणाले आणि टाकीवर गेले. माझ्या त्या उत्तराची मला अजून लाज वाटते.

रकाना मी काढला नाही. ते भरत राहिले, मी रोज वाचत राहिले.

निरोपाच्या दिवशी त्यांची बायको आली होती. मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुम्ही सांभाळून घेतलंत. तीन नंबरचं माझ्यामुळे कळलं म्हणून मॅडमनी कौतुक केलं, असं हे म्हणाले. खरं का हो?"

तिच्यामागे खुर्च्यांजवळ काका उभे होते, माझ्याकडे बघत.

"खरं," मी म्हणाले. "मीटरच्याही आधी."