नणंदबाईंच्या टेबलावरचा कप

हसू नका, पण माझ्या नणंदेला पहिल्यांदा काम करताना पाहिलं तेव्हा मला वाटलं, ही लॉन्ड्रीत चादरींच्या घड्या घालते. एवढं लांबलचक टेबल, त्यावर पसरलेलं कापड आणि कपाळावर कायमची आठी! प्रत्यक्षात ती घडी घालते राखीव पॅराशूटची. विमानातून उडी मारल्यावर मुख्य छत्री उघडली नाही, तर जीव हिच्या घडीवर.

परवा मी डबा द्यायला गेले, तर बाईसाहेब तापलेल्या तव्यासारख्या. क्लबातला एक उडीबहाद्दर वडिलांची जुनी राखीव छत्री घेऊन आला होता. गोल, पोटावर बांधायची. हल्लीची चौकोनी असते, पाठीवरच बसते आणि माणूस बेशुद्ध पडला तरी यंत्र ती उघडतं.

"ताई, हिने बाबांना वाचवलंय. फोटोपुरती एकच उडी मारतो."

"तेव्हा ती तरुण होती!" नणंद कडाडली. जुन्या छत्रीच्या कापडाला दोन चिमटे लावून तिने ओढलं. ते टर्रकन फाटलं. "आता मार उडी!"

त्याचा चेहरा पडला. जुनी गुंडाळून पिशवीत भरत, नवीच छत्री घालायचं त्याने कबूल केलं. पण सुंभ जळला तरी पीळ जातोय होय! हातातला चहाचा कप त्याने मुद्दाम टेबलावर ठेवला.

"कप उचल."

"आता टेबलावर छत्री कुठंय?"

"उद्या असेल. डाग आजच पडतो."

"काय कटकट आहे!" म्हणत त्याने कप उचलला. नणंदेने फडकं पुढे केलं. टेबलही त्यानेच पुसलं.