बारा नंबरच्या दालनातली डोकी

आमचं संग्रहालय नावाजलेलं आहे. म्हणजे लोक लांबलांबून येतात, दारात फोटो काढतात आणि पहिल्याच दालनात बसायला जागा शोधतात. मी तळमजल्यावरच्या काउंटरवर असते. ओळखपत्र ठेवून घ्यायचं आणि गळ्यात अडकवायचं यंत्र द्यायचं, एवढं माझं काम. चित्राशेजारी भिंतीवर नंबर असतो. तो यंत्रावर दाबला की कानात एक बाई त्या चित्राची माहिती सांगते. ज्याचा तो हिंडतो, गाईड लागत नाही. परत आलेली यंत्रं मी पुसते आणि चार्जिंगला लावते. चार्ज झालेली वरच्या खणात, रिकामी खालच्या खणात. सतरा वर्षं पुसतेय. माणसांच्या कानांबद्दल मला जे कळलंय ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

सांगायचंय ते बाराकाकांबद्दल. बारा नंबरच्या दालनाचे रखवालदार, म्हणून बाराकाका. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते कोणी पुकारलं की आम्हीच इकडेतिकडे बघायचो, हा कोण नवीन आला म्हणून. चोविसाव्या वर्षी ते इथे चित्रांच्या पेट्या उचलायला लागले. पुढे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा त्यांना दालनात उभं केलं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला आठ तास उभं करायचं, हा आमच्या कचेरीचा न्याय. खुर्ची असते, पण तिच्यावर बसलेला माणूस कोणालाच आवडत नाही. काकांनी कुरकुर केली नाही. जाड रबरी तळाचे बूट घेतले आणि एकोणीस वर्षं बारामध्ये उभे राहिले.

सुरुवातीला मी त्यांना शिष्ट समजायचे. पाठमोरे असताना हाक मारली तर ओ देत नसत. मग एकदा त्यांच्या पाठीमागे माझ्या हातून तीस यंत्रांचा ट्रे पडला. अख्खं दालन दचकलं, एक आजीबाई तर छातीवर हात ठेवून बाकावर बसल्या. काका खिडकीबाहेर बघत होते. समोरच्या लोकांची तोंडं दिसली तेव्हा वळले आणि मला म्हणाले, “लागलं का कुठे?”

त्या दिवशी मला कळलं. त्यांनाही कळलं की मला कळलंय. मी कोणाला सांगितलं नाही. त्यात चांगुलपणा वगैरे नव्हता. चहाडी करायची तर दोन जिने चढून जावं लागतं.

पण गोष्ट साधी नव्हती. आमच्याकडे चित्राच्या फार जवळ गेलं की बारीक आवाजात शिट्टी वाजते. ती ऐकू येणं रखवालदाराला सक्तीचं. ज्याला येत नाही त्याला दालनात ठेवत नाहीत. काका ती शिट्टी डोळ्यांनी ऐकायचे. वाजली की जवळ गेलेला माणूस झटकन मागे होतो आणि बाकीचे त्याच्याकडे असे बघतात की जणू आपण जन्मात कधी जवळ गेलो नाही. तेवढ्यात काका तिथे पोचलेले असत. समोरून बोललं की ओठांवरून त्यांना सगळं समजायचं. त्यांच्या दालनात एकही चित्र कधी खराब झालं नाही. शेजारी अकरामध्ये चांगल्या तिखट कानांचा माणूस आहे, तिथे दोनदा झालं.

काकूंनी कानातलं यंत्र घ्या म्हणून त्यांचं डोकं खाल्लं होतं. काका ऐकत नसत, दोन्ही अर्थांनी. मी एकदा विषय काढला तर म्हणाले, “ते लावलं की सगळ्यांना दिसणार. झाकली मूठ सव्वा लाखाची. निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. मला बारामधून घरी जायचंय. मग हवं तर दोन्ही कानांना लावतो आणि बायकोचं बोलणं ऐकत बसतो.”

त्यांची एवढीच इच्छा होती. बढती नको, सत्कार नको, बारामधून घरी जायचं.

आता डोक्यांचं सांगते. बारामध्ये एकाच चित्रकाराची दोन मोठी चित्रं शेजारी शेजारी आहेत, एक्केचाळीस आणि बेचाळीस नंबरची. दोन्हींत तीच खोली, त्याच तीन बायका शिवत बसलेल्या. घाईत बघितलं तर एकच चित्र दोनदा टांगलंय असं वाटतं, आणि बहुतेक लोक घाईतच असतात. फरक बारीक आहेत. एकात खाली डावीकडे खुर्चीखाली कात्री पडलीय. दुसऱ्यात तिथे नुसता अंधार आहे. कानातली बाई काय सांगते ते काकांनी कधी ऐकलं नव्हतं. पण ती कुठे बघायला सांगते ते त्यांना तोंडपाठ होतं. एकोणीस वर्षं समोर माणसं उभी होती ना. एक्केचाळीसला डोकी आधी वर जातात, खिडकीकडे. मग उजवीकडच्या बाईच्या हातावर. मग सगळे एक पाऊल मागे. आणि मग डोकी खाली डावीकडे, कात्रीवर. तिथे लोक जरा हसतात. नवरा-बायको असतील तर एकमेकांकडे बघतात. काका मला म्हणायचे, “कात्रीचं ती काहीतरी गमतीचं सांगते बहुतेक.” मी म्हणायचे, असेल. मला तरी कुठे आठवत होतं?

मागच्या वर्षी रंगकाम निघालं. महिनाभर दालन बंद राहिलं. उघडलं तेव्हा नव्या मांडणीत उजेडाच्या हिशेबाने ही दोन चित्रं अदलाबदल करून टांगली होती. काकांना ते दारातूनच दिसलं. चौकशी केली तर मुद्दामच केलंय असं समजलं. चित्रांच्या नावांच्या पाट्याही नव्या लावल्या होत्या. ठीक आहे, म्हणाले. पण यंत्राचे नंबर भिंतीत स्क्रूने बसवलेले असतात. ते होते तिथेच राहिले.

पहिल्याच दिवशी दुपारी काका जेवायच्या सुट्टीत माझ्याकडे आले.

“डोकी चुकताहेत,” ते म्हणाले.

“कोणाची?”

“सगळ्यांची. खाली डावीकडे बघतात तर तिथे काहीच नाही. नुसता अंधार. डोळे बारीक करून शोधतात, मान डोलावतात आणि पुढे जातात.”

“कोणी तक्रार केली?”

“कोण करणार? प्रत्येकाला वाटतं आपल्यालाच चित्रातलं कळत नाही.”

मी वर जाऊन ऐकलं. काकांचं खरं होतं. कानातली बाई सांगत होती, खुर्चीखालची कात्री पाहा, इतका वेळ भांडून आता तिघी गप्प बसल्या आहेत आणि ती कात्री उचलायला कोणीच वाकत नाही. माझ्याशेजारी एक गृहस्थ त्या अंधाराकडे बघत बायकोला म्हणाले, “दिसली का?” बायको म्हणाली, “हो तर.” मला हसू आवरेना. पुढच्या चित्रासमोर त्याच्या उलट. कानातली बाई अंधाराबद्दल बोलतेय आणि समोर लखलखीत कात्री.

मी काकांना म्हटलं, “तुम्हीच लिहा. मी यंत्रांच्या ठेकेदाराची माणूस, माझा कागद केराच्या टोपलीत जाईल.” ते दोन दिवस विचारात होते. गप्प बसले असते तर काही बिघडत नव्हतं. चित्रं कुठे पळून जात नव्हती, लोक खूश होते, निवृत्तीला आता तेराच महिने उरले होते. पण लोकांचं चुकीच्या जागी बघणं काकांना सोसेना. दिवसभर आपल्याच बुटात खडा टोचल्यासारखं होतं, म्हणाले. तिसऱ्या दिवशी त्यांनी दालनाच्या नोंदवहीत लिहिलं: एक्केचाळीस व बेचाळीस यांच्या ऐकण्यात आणि दिसण्यात फरक येतो.

दालनांचा कारभार बघणाऱ्या वरच्या मॅडम नव्या होत्या, हुशार होत्या, आणि त्यांना कायम कुठेतरी पोचायचं असायचं. ठेकेदाराने नंबर तपासल्याचं लिहून दिलं होतं. तरी त्या स्वतः आल्या, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. मला फोन आला, “दोन यंत्रं घेऊन बारामध्ये या. मला दहा मिनिटं आहेत.” त्याच वेळी माझ्या काउंटरवर शाळेची सहल होती, साठ पोरं आणि सहाशे प्रश्न. मी हात घातला, दोन यंत्रं उचलली आणि पळाले. एक वरच्या खणातलं होतं. दुसरं खालच्या.

मॅडमनी एक स्वतः घेतलं, दुसरं काकांना दिलं. “तुम्ही ऐकलंय ना? मग सोबत ऐकू. फरक कुठे येतो ते तिथल्या तिथे दाखवा.”

काकांनी यंत्र कानाला लावलं, नंबर दाबला आणि मॅडमच्या बाजूला जरा मागे उभे राहिले. मी दाराशी होते. तिथून मी काकांचं काम बघितलं. मॅडमची मान वर गेली. काका म्हणाले, “खिडकी, बरोबर आहे.” मान उजवीकडे वळली. “हात. हाही दोन्हींत सारखाच.” मॅडम एक पाऊल मागे आल्या, काकाही आले. मॅडमची नजर खाली डावीकडे गेली आणि काका त्याच क्षणी म्हणाले, “आता बघा. कात्री कुठाय?”

मॅडम वाकल्या. अंधाराकडे बघत राहिल्या. मग शेजारच्या चित्राकडे गेल्या, कात्री बघितली, परत आल्या. “खरंच की,” त्या म्हणाल्या. “इतके दिवस कोणाच्याच लक्षात आलं नाही?”

काका हसले. ते हसणं मी पुन्हा बघितलं नाही.

मी चित्राजवळ पुढे झाले आणि मॅडमनी दोन्ही यंत्रं मला द्यायला हातात घेतली. त्यांच्या यंत्रावर हिरवा दिवा होता. काकांच्या नव्हता. त्यांनी बटण दाबलं, परत दाबलं. काही नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार होते? चूक माझी, यंत्र रिकामं होतं? मग काकांनी ऐकलं काय?

मॅडम काकांच्या मागे गेल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “काका, तुमचा रुमाल पडला.”

काका समोर कात्रीकडे बघत होते. माझा चेहरा त्यांना दिसला तेव्हा वळले.

“थँक्यू, काका,” एवढं मॅडम समोर येऊन म्हणाल्या आणि गेल्या. सुताराने त्याच संध्याकाळी चार स्क्रू काढून नंबर बदलले, दहा मिनिटांचं काम. आठवड्याच्या आत काकांना कानाच्या तपासणीचं पत्र आलं. नियमच तसा आहे, मॅडमनी बनवलेला नाही. तपासणीनंतर त्यांना तळघरात पाठवलं, जिथे लोकांच्या बॅगा आणि छत्र्या ठेवून घेतात. बिल्ला द्यायचा, बिल्ला घ्यायचा. बसायला खुर्ची आहे आणि बसलेलं चालतं. भिंतींवर काही नाही, आग विझवायच्या नळकांड्याशिवाय.

मला दहा दिवस खाली जायचं धाडस झालं नाही. काउंटरपासून पंधरा पायऱ्या, पण पाय वळेना. अकराव्या दिवशी गेले. त्यांच्यासमोर नीट उभी राहिले, तोंडावर उजेड येईल अशी, आणि म्हटलं, “काका, ते यंत्र मी खालच्या खणातून आणलं. रिकामं होतं. माझ्यामुळे झालं.”

“माहितेय.”

“कोणी सांगितलं?”

“कोण कशाला सांगेल? दिवा लागला नव्हता. माझे कान गेलेत, डोळे शाबूत आहेत.”

मला वाटलं, मी त्यांच्या बोलण्याचा अर्थ चुकीचा लावतेय. “तेव्हाच बघितलंत? हातात घेतल्या घेतल्या?”

“नंबर दाबला तेव्हा.”

“मग बदलून मागायचं ना! यंत्र बंद आहे म्हणायचं. मी धावत दुसरं आणलं असतं. त्यांना पत्ताच लागला नसता!” मी ओरडत होते. त्यांच्यासमोर ओरडून काय उपयोग, पण ओरडत होते.

एक बाई छत्री घ्यायला आल्या. काकांनी त्यांचा बिल्ला घेतला, छत्री दिली, बिल्ला खिळ्याला अडकवला. मग माझ्याकडे वळले.

“तू खाली जाऊन वर येईपर्यंत त्यांची दहा मिनिटं संपली असती. त्या परत आल्या नसत्या,” ते म्हणाले. “आणि त्यांची मान वर जायला लागली होती गं.”