वर जाणारा बाण

रोह्याच्या त्या कॉम्प्युटर क्लासच्या मालकाचा मला पहिल्या दिवसापासून राग होता, आणि तो अजून गेलेला नाही. नव्वदीतली गोष्ट. चार मशीन आणि तीस मुलं. मशीनला हात लावण्याआधी महिनाभर फ्लोचार्ट, म्हणजे कामाच्या पायऱ्या दाखवणाऱ्या चौकटी आणि बाण, काढायचे, ते शिकवायला मी पेणहून एसटीने जायचे. मालकाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पुस्तकातल्या आकृत्या प्लास्टिकच्या पट्टीने नीट गिरवल्या की त्याच्या लेखी पोरगं हुशार. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

मी मुलांना म्हटलं, पुस्तक मिटा, घरातलं एखादं काम काढा. पेणच्या एका मुलीच्या घरी गणपतीचा कारखाना होता. तिने मूर्तीचा चार्ट काढला. साच्यातून काढा, वाळत ठेवा, मग प्रश्नाची शंकरपाळ्यासारखी चौकट: सुकली का? 'होय' असेल तर रंग. 'नाही' असेल तर बाण परत वर, वाळत ठेवण्याकडे. पावसाळ्यात हा बाण किती फेऱ्या मारतो ते तिने लहानपणापासून बघितलं होतं. चार्ट अगदी बरोबर होता. मला फार आनंद झाला.

परीक्षेत तिने तोच काढला. मालकाने लाल पेनाने काट मारली.

"बाण खालून वर जातो का कधी? पुस्तकात सगळे खाली येतात."

पुस्तकाच्या पहिल्या धड्यात येतात. पुढचे धडे त्याने उघडलेच नव्हते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्या वर्गासमोर मी विचारलं, "ओल्या मूर्तीला रंग लावणार का तुम्ही?"

"मॅडम, सर्टिफिकेटवर सही माझी असते," तो म्हणाला.

सोमवारी तिची धाटावच्या एका कंपनीत मुलाखत होती. सर्टिफिकेट नसेल तर बोलावणंच रद्द. मी भांडतच राहिले. तेवढ्यात तिने खोडरबर घेऊन तो बाण पुसला, प्रश्नाची चौकटही पुसली आणि पेपर त्याच्यापुढे ठेवला. त्याने तिला पास केलं.

जिन्यात मी तिच्यावरच ओरडले. "बरोबर होतं ना तुझं? मग पुसलंस कशाला?"

"मॅडम, भांडून सही मिळणार व्हती का? नाय. पुसून मिळणार व्हती का? व्हय. मग पुसलं." दोन पायऱ्या उतरून ती थांबली. "तुम्हाला त्याला हरवायचं व्हतं. मला नोकरी पायजे."

तिच्या बोलण्यात मी एसटीत पेणपर्यंत चूक शोधत होते. एकही सापडली नाही, आणि त्या दिवशी सगळ्यात जास्त राग मला ती न सापडल्याचाच आला.