चिचगुड्याला द्यायचं गाठोडं

भूत, चकवा, अंगात येणं... यातलं मी काही मानत नाही. वजनकाटा मानतो. सिमेंटच्या गेटवर पोती उतरवण्यापासून सुरुवात केली, आज गडचांदूरला माझं ताडपत्री-दोरखंडाचं दुकान आहे. ते कोणाच्या आशीर्वादावर नाही, माझ्या जिभेवर उभं आहे. या सदरातले अनुभव आजवर मी हसत वाचायचो. आता स्वतःच लिहायला बसलोय. तुम्हाला हसायचं तर हसा.

सुरुवात एका टोमण्यानं झाली. माझा साळा शिरीष पुण्याला असतो. दर शनिवार-रविवार पाठीवर बॅग टाकून सह्याद्रीत. मागच्या दिवाळीत माझ्याच घरी जेवता जेवता म्हणाला, "भाऊजी, तुमच्याकडे डोंगर म्हणजे खाणीतून काढलेल्या मातीचा ढिगारा!" सगळे हसले. माझी बायकोही हसली. तो ढिगारा माझ्या घशात अजून अडकलेला आहे, खोटं कशाला बोलू?

तिथल्या तिथे ठरवलं – याला माणिकगडचा डोंगर पायी दाखवायचा. तीन दिवस, दोन मुक्काम. वाट ठरवायला मला दोन महिने लागले. गुराखी झाले, मध काढणारे झाले, वनरक्षक झाले, सगळ्यांना विचारलं आणि सगळ्यांशी भांडलो. शेवटी सर्वात देखणी वाट निघाली ती कड्याच्या धारेची. एका बाजूला पठार, दुसऱ्या बाजूला सागाची दरी, दुसऱ्या मुक्कामाला अगदी कड्यावर झोपायचं. पहिल्या दिवशी दुपारी किल्ला मागे पडला की तिसऱ्या दिवसापर्यंत ना गाव, ना रस्ता, ना मोबाईलला रेंज. मी तर ते कौतुकानं सांगत होतो! परवानगी काढली. माझी मुलगी पल्लवी, वय एकोणीस, म्हणाली, "बाबा, मीपण येणार."

जानेवारीत निघालो. सकाळी जिवतीचा आठवडी बाजार लागला. शिरीष चहाच्या टपरीवर थांबला, मी आणि पल्लवी बाजारात शिरलो. एका कडेला एक म्हातारी बाई वाळवलेल्या भोपळ्याचे तुंबे घेऊन बसली होती. पाणी थंड राहतं त्यात. मी तीन उचलले आणि तिनं सांगितलेल्या भावाच्या अर्धा भाव सांगितला.

"अर्ध्यात याचं बूडच येईन, भाऊ. मंग पानी कायात भरसीन?"

पल्लवी खुदकन हसली. मी तुंबे ठेवले आणि चालू लागलो. ही माझी नेहमीची चाल, समोरचा मागून हाक मारतोच. हिनं मारली नाही. बांगड्यांच्या दुकानापर्यंत गेलो, तरी नाही. शेवटी मीच परत आलो.

"आलास? मले वाटलं डोंगर चढून गेलास."

"बाई, शेवटचा भाव सांगा."

"तुह्याच भावात देतो. पन एक काम कर." तिनं शेजारचं एक छोटं गाठोडं पुढे सरकवलं. "हे चिचगुड्याले माह्या बहिनीले दे. सोमीबाई नाव हाय तिचं. जंगूबाईनं देल्लं म्हन."

"चिचगुडा आमच्या वाटेवर नाही. आम्ही वरून धारेनं चाललो."

"त मंग वाट बदलव. डोंगर कुठी पळून नाई चालला."

आमच्याकडे बाजारातून सामान असं जाणाऱ्याच्या हाती धाडायची रीतच आहे, आणि कोणी नाही म्हणत नाही. पण मी रीत म्हणून घेतलं नाही. भाव पडला म्हणून घेतलं.

शिरीष भडकला. "तीन भोपळ्यांसाठी तुम्ही अख्खा रूट बदलला?" बोलला ते बरोबरच होतं. चिचगुडा कड्याच्या खाली. दुसऱ्या दिवशी सकाळी उतरायचं, गाठोडं द्यायचं, पुन्हा चढायचं. पण मी शब्द दिला होता, आणि तसंही त्याचं ऐकायची माझी इच्छा नव्हती.

पहिला दिवस काय वर्णावा! धारेवर उभं राहिलं की खाली नुसतं हिरवं, आणि वाऱ्यानं सागाची पानं वाजतात. शिरीष पुन्हा पुन्हा कड्याच्या टोकाशी जाऊन खाली पाहत होता. छान आहे एवढे दोन शब्द मात्र त्याच्या तोंडून निघाले नाहीत. पल्लवीनं संध्याकाळी अर्धीच भाकर खाल्ली. मला वाटलं, दमली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास चिचगुड्यात उतरलो. वीसेक घरं. कच्चा रस्ता तिथेच संपतो, दिवसातून एकदा गडचांदूरला जाणारी जीप उभी होती, माणसं बसत होती. सोमीबाईचं घर विचारत अंगणात गेलो. खाटेवर एक म्हातारी बसलेली, एका पायाला बांबूच्या कामट्या बांधलेल्या.

पल्लवीनं माझा दंड घट्ट धरला. "बाबा... ह्या तर त्याच आहेत."

त्याच होत्या! तेच तोंड, तोच आवाज.

"बाई, तुम्ही आमच्या आधी इथं कशा पोचल्या?"

"कोन बाई? म्या तुले आज पयल्यांदा पाहून राह्यली."

"काल बाजारात तुम्ही मला तुंबे विकले!"

सोमीबाई घरातून बाहेर आली. "भाऊ, जंगूचा पाय मोडून पंधरा दिस झाले. तिले अंगनात आनाले दोघं लागते. ते बाजारात कशी जाईन?"

माझं डोकं तापलं. मला कोणी बनवलेलं चालत नाही. गाठोडं काढलं आणि खाटेवर टाकलं. "मग हे काय आहे?"

जंगूबाईनं ते उचललं. फडक्याचा काठ चाचपला. गाठ उलटसुलट करून पाहिली.

"फडकं माह्या लुगड्याचं. गाठ माही. पन म्या नाई बांधली."

आत वाळलेली बोरं निघाली, बाकी काही नाही.

मी काय ऐकतो! एकेकाला उलटतपासणी सुरू केली. माझा आवाज चढला तशी शेजारची माणसं जमली. जीपमधली माणसं तमाशा पाहायला उतरून आली, मागून ड्रायव्हरही आला. शिरीष सारखा म्हणत होता, "भाऊजी, चला ना, चढायचंय अजून." मी म्हटलं, "याचा निकाल लागल्याबिगर मी हालत नाई!" अर्धा तास तरी गेला असेल. जीप एव्हाना निघून जायची होती. माझ्या भांडणामुळे थांबली.

आणि पल्लवी मटकन खाली बसली. चेहरा राखेसारखा. उलटी झाली. "बाबा, पोट..." तिला सरळ होता येईना.

खाटेवरून जंगूबाई ओरडली, "भांडन सोड ना बाप्पा! पोरीले पाह्य आधी!"

ड्रायव्हर म्हणाला, "उचला. मागच्या सीटवर झोपवा." जीपमधले प्रवासी कोणी परत गाडीत बसायला आलेच नाहीत. सामान उतरवून घेतलं आणि बाजूला उभे राहिले. शिरीषनं पल्लवीला उचलून नेलं. सगळ्या रस्त्यात तिचं डोकं त्याच्या मांडीवर होतं आणि तो तिचा घाम पुसत होता. हे मात्र मी त्याचं विसरणार नाही.

जीप थेट चंद्रपूरला नेली, लगेच ऑपरेशन झालं. अपेंडिक्स, फुटायच्या बेतात. डॉक्टरांनी विचारलं, कुठून आणलं? मी सांगितलं. कुठे असणार होतो तेही सांगितलं. ते म्हणाले, "वर असता तर..."

ठरल्या वाटेनं गेलो असतो तर त्या वेळी आम्ही धारेच्या ऐन मध्यावर असतो. मागे एक दिवस, पुढे एक दिवस.

बाजारातल्या त्या बाईचा फोटो आहे का, असं विचाराल. नाही. भाव करताना मी मोबाईल काढू देत नाही, समोरचा भाव खातो. जुळी बहीण? नाही, दोघीच बहिणी, वयात चार वर्षांचं अंतर. दुसरी कोणी सारखी दिसणारी? पुढच्या बाजारी जाऊन चौकशी केली. बांगडीवाला म्हणाला, "त्या जाग्यावर तर मीठवाला बसते, नेहमीचाच." शिरीष म्हणतो, भाऊजींना भास झाला. मग पल्लवीलाही तोच झाला का? आणि गाठोडं?

फेब्रुवारीत पल्लवीला घेऊन चिचगुड्याला गेलो. जंगूबाई काठी टेकत चालू लागली होती. मी हात जोडले.

"म्या काई नाई केलं, भाऊ," ती म्हणाली. "माह्या नावानं कोनी केलं असन."

"मग हात जोडू कोणाले?"

तिनं जरा विचार केला. "जीपीतून उतरले त्यायले जोड. ते त दिसले ना तुले?"

त्या दिवशी आम्ही जीपमधून उतरलेल्यांची सहा घरं फिरलो. सहाही ठिकाणी काळा चहा घेतला. शेवटच्या घरातली बाई जीपच्या दिवशी लेकीच्या बाळंतपणाला निघाली होती, जीप गेली म्हणून दुसऱ्या दिवशी पोचली. मी तोंडातल्या तोंडात माफी मागितली तर हसली. "नात काई माह्यासाठी थांबली नाई. झाली आपली रातीच. चांगली गुबगुबीत हाय." पल्लवी तिच्या पाया पडली.

बाजारात त्या जागी कोण बसलं होतं, मला आजही माहीत नाही.